कोष्टकातलं प्रश्नचिन्ह : सुटलेल्या तारा, गोंगाट आणि ‘फेल-सेफ’ या शब्दाची समीक्षा



या मालेत एरवी आपण ग्रंथांवर बोलतो. आजच्या पुष्पात आपण एक कोष्टक वाचणार आहोत. जेमतेम चार ओळींचं कोष्टक, आणि तेही इलेक्ट्रॉनिक्सच्या एका चिपच्या माहितीपत्रकातलं. तत्त्वज्ञानाच्या माणसानं तारा आणि चिपा यांच्यात का लुडबुड करावी, असं कुणाच्या मनात येईल. आमचं उत्तर सोपं आहे. ‘आहे’ आणि ‘नाही’ यांचा निर्णय कसा करायचा, हा आमच्या शास्त्राचा जुना धंदा आहे. आणि हे कोष्टक नेमकं तेच करायला बसलेलं आहे.

आधी विषय समजून घेऊ. दूर अंतरावर विद्युत संकेत पाठवायचा असेल, तर एका तारेवर भरवसा ठेवता येत नाही. शेजारून मोटारीची केबल जाते, पंप चालू-बंद होतो, आणि त्या सगळ्याची कुरबुर आपल्या तारेत शिरते. म्हणून दोन तारा घ्यायच्या, एकमेकींना पीळ द्यायचा, आणि संकेत दोघींच्या फरकात ठेवायचा. बाहेरचा गोंगाट दोघींवर जवळपास सारखाच पडतो. ऐकणारा रिसीव्हर वजाबाकी करतो आणि सारखं जे आहे ते निघून जातं. यालाच डिफरन्शियल संकेत म्हणतात. आरएस-४८५ हे या कुळातलं सर्वांत परिचित मानक, १९८३ सालचं. १९९८ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. वीजमीटर, सौर इन्व्हर्टर, कारखान्यातले कंट्रोलर अशी कितीतरी यंत्रं आजही याच दोन तारांवर एकमेकांशी बोलतात.

आता कोष्टक. त्या दोन तारांना पहिली आणि दुसरी म्हणू. मुद्दामच, कारण ‘ए’ आणि ‘बी’ ही नावं वेगवेगळ्या कंपन्या चक्क उलटसुलट वापरतात. पहिली ओळ सांगते : पहिली तार दुसरीपेक्षा किमान २०० मिलिव्होल्टनी वर असेल, तर उत्तर १. दुसरी ओळ : पहिली तार तितकीच खाली असेल, तर उत्तर ०. तिसरी ओळ : फरक या दोहोंच्या मध्ये असेल, तर तिथे प्रश्नचिन्ह. बऱ्याच जुन्या माहितीपत्रकांत खरोखरच प्रश्नचिन्ह छापलेलं असतं, खाली बारीक टीप असते की अनिश्चित. आणि चौथी ओळ : काहीच जोडलेलं नसेल, तर १. काही पत्रकांत इथेही प्रश्नचिन्हच.

या कोष्टकाकडे समीक्षक म्हणून पाहिलं की पहिली गोष्ट खटकते ती ही. कागदावर तीन उत्तरं आहेत, १, ० आणि प्रश्नचिन्ह. चिपच्या बाहेर येणाऱ्या पायावर मात्र दोनच उत्तरं शक्य आहेत. तिथे प्रश्नचिन्ह उमटवायची सोय नाही. ४०० मिलिव्होल्टचा मधला पट्टा लेखकानं प्रामाणिकपणे अनिश्चित म्हणून सोडला, पण यंत्राला गप्प बसायची मुभा दिली नाही. त्याला काहीतरी बोलावंच लागतं. ज्याला माहीत नाही पण गप्पही राहता येत नाही, तो काय करील? जे कानावर पडेल ते खरं मानून बोलत सुटेल. सुटलेल्या तारांवरचा गोंगाट म्हणतात तो हाच.

कुणी म्हणेल, फरक शून्य असण्याचा प्रसंग कितीसा येणार? रोज येतो. आरएस-४८५ वर एकाच जोडीवरून सगळ्यांनी पाळीपाळीनं बोलायचं असतं. एकाचं बोलणं संपलं की तो आपला ड्रायव्हर तारेवरून सोडून देतो, आणि दुसरा सुरू होईपर्यंत तारेवर कुणीच नसतं. म्हणजे तार धडधाकट असतानाही दर संवादात काही क्षण निर्नायकी असते. लांब केबलच्या दोन्ही टोकांना प्रतिध्वनी येऊ नये म्हणून १२०-१२० ओहमचे रोधक बसवलेले असतात, त्याला टर्मिनेशन म्हणतात. ड्रायव्हर सुटला की हेच रोधक दोन्ही तारांना एकमेकींजवळ ओढतात आणि फरक शून्यावर आणतात. शून्य म्हणजे प्रश्नचिन्हाच्या अगदी मध्यावर. तिथे चार-दोन मिलिव्होल्टचा गोंगाटसुद्धा उत्तर इकडचं तिकडे करायला पुरतो.

मग पुढे काय होतं? या तारांवर बहुधा जी भाषा बोलली जाते, तिच्यात शांतता म्हणजे १, आणि ० आला की नवा शब्द सुरू झाला असं समजतात. गोंगाटानं एक क्षण ० दाखवला की ऐकणारा समजतो, कुणीतरी बोलायला लागलं. तो पुढचे आठ बिट मोजतो, कचरा गोळा करतो आणि तो निरोप म्हणून वर पाठवतो. बहुतेक वेळा वरची तपासणी तो कचरा टाकून देते. पण खरा निरोप त्याच सुमारास आला, तर त्याची सुरुवात कचऱ्याला चिकटते आणि चांगला निरोपही बाद होतो.

हे टाळायचे उपाय काय आहेत ते आता पाहू. समीक्षा करायची तर वस्तू नीट कळायला हवी.

‘काहीच जोडलेलं नाही’ या एका वाक्यात तीन वेगळ्या अवस्था लपलेल्या आहेत. एक, चिपचे दोन्ही पाय खरोखर मोकळे आहेत. दोन, तारा जोडलेल्या आहेत, टर्मिनेशन आहे, पण बोलणारा कुणी नाही. तीन, दोन्ही तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. कोष्टकाची चौथी ओळ यांतल्या फक्त पहिल्या अवस्थेबद्दल बोलते. चिपच्या पोटात अगदी कमकुवत रोधक असतात, ते मोकळ्या पायांना १ च्या बाजूला झुकवतात. पण दोन तारांच्या मध्ये १२० ओहमचा रोधक बसला की त्या पोटातल्या रोधकांचं काही चालत नाही. चौथी ओळ वाचून निर्धास्त होणाऱ्याला वाटतं, आपण सुरक्षित आहोत. तो सुरक्षित असतो फक्त टर्मिनेशन नसेल तर. ही अट त्या ओळीत लिहिलेली नसते. आमच्या मते हा या लेखनप्रकाराचा मोठा दोष आहे. वाक्य खरं असतं, पण ज्या प्रसंगी ते खरं आहे तो प्रसंग वाक्यात नसतो.

दुसऱ्या अवस्थेसाठीचा जुना, सरळ उपाय म्हणजे बायस. एक रोधक पहिल्या तारेला वरच्या व्होल्टेजकडे ओढतो, दुसरा दुसऱ्या तारेला जमिनीकडे. हिशेब शाळकरी आहे. दोन टोकांचे १२० ओहम समांतर म्हणजे ६० ओहम. त्यावर २०० मिलिव्होल्ट हवे असतील, तर ३.३ मिलिॲम्पिअर वाहायला हवेत. ५ व्होल्टच्या पुरवठ्यात त्यासाठी एकूण १५०० ओहम लागतात. त्यातून ६० वजा करून उरलेले दोघांत वाटले, की प्रत्येकी ७२० ओहम. पण हे अगदी काठावरचं. व्यवहारात प्रत्येकी ५६० घेतले तर सुमारे २५४ मिलिव्होल्ट मिळतात, थोडं मार्जिन राहतं. मॉडबसच्या सीरियल लाइनच्या नियमावलीत ४५० ते ६५० ओहम ही मर्यादा दिली आहे आणि संपूर्ण तारेवर अशी जोडी एकाच ठिकाणी असावी असं सांगितलं आहे. शिवाय याची किंमतही सांगितली आहे : बायस लावलात तर तारेवरची उपकरणं चारनं कमी करा, म्हणजे ३२ च्या जागी २८. हे लेखन आम्हाला आवडतं. उपाय सांगताना त्यानं त्याचा खर्च लपवलेला नाही. नाहीतर काय होतं, की तारेवरचं प्रत्येक उपकरण आपापली बायसची जोडी घेऊन येतं, सगळ्या समांतर जोडल्या जातात आणि बोलणाऱ्या ड्रायव्हरचा जीव मेटाकुटीला येतो. आणि बायस उलटा लागला, जे ए-बीच्या गोंधळात सहज होतं, तर शांततेचा अर्थच फिरतो. ऐकणाऱ्याला वाटतं, कुणीतरी एक लांबलचक ० उच्चारतंय आणि थांबतच नाहीये.

तिसरा उपाय जास्त हुशार आहे. नव्या रिसीव्हरांत उंबरठाच सरकवला आहे. पूर्वी तो उणे २०० आणि अधिक २०० यांच्यामध्ये कुठेही असू शके. आता उणे २०० ते उणे ५० यांच्यामध्ये असतो. म्हणजे शून्य हा फरक आता निःसंदिग्धपणे १ च्या घरात पडतो. मोकळे पाय, शांत तारा, चिकटलेल्या तारा, तिन्हींचं उत्तर एकच. बाहेर रोधक नकोत, खर्च नाही. पण हिशेब इथेही मांडायला हवा. शून्यापासून उंबरठ्यापर्यंत हमीचं अंतर ५० मिलिव्होल्टच. लांब केबल, शेजारी मोठी मोटार, तर तेवढा गोंगाट फरकातही शिरू शकतो. म्हणून गोंगाटाच्या जागी जाणते लोक दोन्ही करतात, सरकवलेला उंबरठा आणि बाहेरचा हलका बायस.

वेगवान संकेतांच्या एलव्हीडीएस या प्रकारात हीच गोष्ट नाजूक होते. तिथे साडेतीन मिलिॲम्पिअर १०० ओहममधून जातात, म्हणजे सगळा संकेतच ३५० मिलिव्होल्टचा. बायस जोरात लावला तर शांतता सुरक्षित होते खरी, पण बोलणं वाकडं होतं. १ लांबतो, ० आखडतो. आणि ती जोडी घड्याळाचा ठोका वाहणारी असेल, तर सुटलेल्या तारेवरचा प्रत्येक खोटा ठोका पुढचा मोजणारा खराच धरतो. एकाच चिपमध्ये चार रिसीव्हर असतात, त्यांतले दोन वापरायचे नसतील तर त्यांच्या पायांना लांब तार किंवा केबलचा तुकडा लोंबकळत ठेवू नये, ही साधी शिस्तही याच कारणासाठी. लोंबकळणारी तार म्हणजे अँटेनाच.

इथवर आलो की प्रश्न सुटला असं वाटतं. गोंगाट थांबला. यंत्राची बडबड बंद झाली. या व्यवस्थेला नाव दिलं जातं फेल-सेफ, म्हणजे बिघडलं तरी सुरक्षित. आमची खरी तक्रार इथून सुरू होते, आणि ती या शब्दाबद्दल आहे.

विचार करा, आपण नेमकं काय केलं? ‘माहीत नाही’ या अवस्थेला आपण ‘१’ असं नाव दिलं. त्या भाषेत १ चा अर्थ शांतता. म्हणजे आता तीन वेगळ्या परिस्थिती ऐकणाऱ्याला अगदी एकसारख्या दिसतात : समोरचा जागा आहे पण त्याला काही सांगायचं नाही, समोरचा बंद पडला आहे, आणि तार तुटली आहे. कोष्टकातलं प्रश्नचिन्ह आपण सोडवलं नाही, ते आपण १ च्या पोटात ढकललं.

आमच्या परंपरेत या ठिकाणी फार बारीक विचार झालेला आहे. जमिनीवर घट नाही, हे आपल्याला कसं कळतं? नैयायिक म्हणतात, अभावाचंही प्रत्यक्ष होतं. भाट्ट मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, त्यासाठी अनुपलब्धी हे वेगळं प्रमाण मानावं लागतं : घट दिसत नाही, म्हणून तो नाही. पण त्यांनी लगेच एक अट घातली. ती अनुपलब्धी योग्य असली पाहिजे. म्हणजे, घट तिथे असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे धड हवेत. अंधारात घट दिसला नाही, म्हणून घट नाही असं म्हणता येत नाही. यालाच योग्यानुपलब्धी म्हणतात.

ही अट आपल्या तारांना लावून पाहा. तार धड आहे, समोरचा जिवंत आहे, आणि निरोप आला नाही. तर ‘निरोप नाही’ हे ज्ञान आहे. तार तुटली आहे आणि निरोप आला नाही. तर तो अंधार आहे. रिसीव्हर दोन्ही वेळा एकच उत्तर देतो. आणि तेच उत्तर दे, असं बायसनं त्याला शिकवलेलं असतं. अभावाचे जे चार प्रकार सांगितले आहेत, त्या भाषेत बोलायचं तर एक प्रागभाव आहे, निरोप अजून यायचा आहे. दुसरा प्रध्वंसाभाव आहे, जे होतं ते मोडलं. या दोहोंची गल्लत झाली तर ‘यायचंय अजून’ असं म्हणत माणूस तुटलेल्या तारेपाशी बसून राहतो.

यात आणखी एक गंमत आहे. बायसची जोडी एका टोकाला आहे आणि केबल मध्येच तुटली, असं धरा. बायसच्या बाजूच्या तुकड्यावर आता ६० ऐवजी १२० ओहमच राहिले, त्यामुळे तिथला फरक २५४ वरून सुमारे ४८४ मिलिव्होल्ट होतो; शांतता आणखी पक्की. पलीकडच्या तुकड्यावर टर्मिनेशन आहे पण बायस नाही, तिथे फरक पुन्हा शून्य. म्हणजे जुन्या चिपा असतील तर अर्धा कारखाना गोंगाट करतो आणि अर्धा आदर्श शांत असतो. सगळी देखरेख जिथून होते तो कंट्रोलर बहुधा बायसच्याच बाजूला असतो. ज्याला बिघाड कळायला हवा, त्यालाच सगळं शांत वाटतं.

अभियंते यावर जे उत्तर देतील ते आम्हाला माहीत आहे, आणि ते वजनदार आहे. ते म्हणतील, तारेच्या पातळीनं फक्त तार सांभाळावी. समोरचा जिवंत आहे की नाही हे वरच्या पातळीनं पाहावं : ठरावीक वेळात उत्तर आलं नाही तर चूक नोंदवायची, मधूनमधून हालहवाल विचारायची. मान्य. श्रमविभागणी योग्यच आहे. पण मग ती विभागणी कागदावर हवी. ‘फेल-सेफ’ हा शब्द वाचणाऱ्याला वाटतं, काळजी घेतली गेली. गोंगाट वाईट होता खरा, पण तो एक वाईट साक्षीदार तरी होता. तारेवर कचरा यायला लागला की तंत्रज्ञ केबल तपासायला जात असे. त्या साक्षीदाराला आपण गप्प केलं. ठीक केलं, पण त्याच्या जागी दुसरा साक्षीदार उभा करायची जबाबदारी आता आपली.

आणि हे जमत नाही असं नाही. याच क्षेत्रातली दुसरी माणसं ते फार पूर्वीपासून करत आली आहेत. कारखान्यातल्या ४ ते २० मिलिॲम्पिअरच्या मोजणीत शून्य मापासाठी ० नव्हे, ४ मिलिॲम्पिअर ठेवले आहेत. टाकी रिकामी असेल तर ४ येतील. काहीच आलं नाही तर टाकी रिकामी नाही, तार तुटली आहे. प्रचलित संकेत असा, की ३.६ च्या खाली किंवा २१ च्या वर गेलं तर ते माप धरायचं नाही, बिघाड धरायचा. ‘नाही’ असं सांगण्यासाठीही ज्याला काही खर्च करावा लागतो, त्याचं ‘नाही’ विश्वासार्ह. योग्यानुपलब्धीचं इतकं नेटकं यंत्ररूप आम्हाला दुसरं माहीत नाही.

थर्मोकपल घ्या. भट्टीतलं तापमान मोजणाऱ्या त्या दोन तारांच्या टोकाचा सांधा जळून तुटला, तर मोजणाऱ्या ॲम्प्लिफायरचे पाय तरंगायला लागतात आणि आकडा कुठेही भरकटतो. तिथेही एक कमकुवत प्रवाह सोडून आकडा मुद्दाम एका टोकाला नेतात. पण कुठल्या टोकाला, हे यंत्र ठरवत नाही. वर नेला तर कंट्रोलरला भट्टी फार तापली असं वाटून तो हीटर बंद करतो. खाली नेला तर तो हीटर पेटवतच राहतो. बहुतेक भट्ट्यांसाठी वरचं टोक सुरक्षित. पण गार होऊ द्यायचंच नाही अशा कामात तसं नसेलही. म्हणजे ‘सेफ’ कशाला म्हणायचं हा निर्णय चिपच्या कोष्टकात घेता येत नाही. त्यासाठी तारेच्या पलीकडे काय आहे हे माहीत असावं लागतं.

आणि ईसीजी. छातीवरचा इलेक्ट्रोड निघाला, तर ॲम्प्लिफायरचा पाय सुटतो आणि पडद्यावर घरच्या विजेची ५० हर्ट्झची जाड पट्टी उमटते. आता कुणी इथे आरएस-४८५ चा उपाय तसाच आणून तो पाय शून्याकडे ओढला, तर पडद्यावर काय दिसेल? सरळ रेषा. गोंगाट नाहीसा होईल आणि नर्सला रुग्णाचं हृदय थांबल्याचं दिसेल. म्हणून या यंत्रांत अगदी सूक्ष्म प्रवाह सोडून इलेक्ट्रोड त्वचेला लागलेला आहे की नाही हे वेगळं तपासतात, आणि सुटला असेल तर ‘वायर सुटली’ असा वेगळाच इशारा देतात. तिथे प्रश्नचिन्हाला स्वतःची जागा दिलेली आहे, कारण चुकीच्या उत्तराची किंमत समोर खाटेवर पडलेली आहे.

म्हणून आमचं म्हणणं बायसच्या विरोधात नाही. दोन रोधकांइतकं स्वस्त आणि उपयोगी काम क्वचितच होत असेल. ते करावंच. हिशेब मांडून, एका जागी, योग्य दिशेनं करावं. उंबरठा सरकवलेल्या चिपा मिळतात, त्या घ्याव्यात. न वापरलेल्या पायांना लोंबत्या तारा ठेवू नयेत. केबल गोंगाटापासून दूर न्यावी, आणि दोन तारांसोबत समान संदर्भाची तिसरीही द्यावी, कारण दोन्ही तारा मिळून उणे ७ ते अधिक १२ व्होल्टच्या बाहेर वाहत गेल्या तर वजाबाकीचा आधारच सुटतो. आमचं म्हणणं इतकंच, की याला ‘फेल-सेफ’ म्हणण्याआधी दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. पहिला : कुणी बोलत नसताना हे यंत्र बडबड करील का? याचं उत्तर रोधक देतात. दुसरा : तार तुटली तर कुणाला, किती वेळात आणि कशावरून कळेल? याचं उत्तर रोधक देत नाहीत. ते कुणी देणार आहे, हे आराखड्यात नावानिशी लिहिलेलं असावं. आणि त्या चौथ्या ओळीत, जिथे ‘काहीच जोडलेलं नसेल तर १’ असं लिहिलं आहे, तिथे माहितीपत्रकाच्या लेखकानं आणखी अर्धी ओळ खर्च करावी : टर्मिनेशनसह की टर्मिनेशनशिवाय.

तुमच्यापैकी जे या क्षेत्रात काम करतात त्यांना एक सुचवतो. उद्या कामावर गेलात की एक चालू तार, अर्थात परवानगी काढून, मधून सोडून पाहा. गोंगाट होतो का, हे पाहाच. पण नंतर घड्याळ लावून हेही पाहा, की कुणाच्या लक्षात येतं का.

आता प्रश्न घेऊ.